पाण्याच्या बर्फाला सुट्टी: उन्हाळी फळपेयांच्या प्रकल्प नोंदी

२४ मार्च

ठरलं. या उन्हाळ्यात पेल्यात पाण्याचा बर्फ घालायचा नाही. पेय गार करायचं ते फळानेच. मेअखेरीस घरी वीस-पंचवीस माणसं जमणार आहेत. तोवर वजनात मोजलेल्या, कधीही केल्या तरी तशाच होणाऱ्या चार-पाच कृती हाताशी हव्यात. त्यासाठी ही वही.

बर्फावर माझा राग का, ते आधी आकड्यांत मांडून ठेवते. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या दशकात दाखवून दिलेली हीच ती सुप्त उष्णता. फ्रीजरमधला बर्फ उणे १८ अंशांवरून शून्यावर येताना आणखी नऊएक कॅलरी घेतो. आता २८ अंशांचा २५० ग्रॅम रस शून्यापर्यंत आणायचा तर साधारण ७५ ग्रॅम बर्फ पुरता वितळावा लागतो. म्हणजे पेय नुसतं गार होईपर्यंतच त्यात ७५ ग्रॅम पाणी गेलं. रसात १० टक्के साखर असेल तर ती पावणेआठवर आली. दाणेदार, गोठलेला पोत अजून लांबच आहे, त्यासाठी आणखी बर्फ, म्हणजे आणखी पाणी. शेवटचा घोट पाणचट का लागतो, ते इथेच कळतं.

तोच रस आधी फ्रिजमध्ये ५ अंशांवर आणला असेल तर जेमतेम १५ ग्रॅम बर्फ लागतो. त्यामुळे पहिला नियम असा: मिक्सरमध्ये जाणारी कुठलीही गोष्ट बाहेरच्या तापमानाची नको. रस, पाक, दूध, लिंबू सगळं गार. भांडंसुद्धा.

साधनं: एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, टोकदार दांडीचा थर्मामीटर, मिक्सर, पसरट ट्रे, झिपच्या पिशव्या, बारीक जाळीची गाळणी. साखर मोजायला हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर मिळाला. काचेवर रसाचा थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. तो ब्रिक्समध्ये येतो. १ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम द्रावणात १ ग्रॅम साखर. फळाच्या रसात आम्ल आणि क्षारही असतात, ते धरून आकडा थोडा वर दिसतो, पण आपल्या कामाला एवढा अंदाज पुरतो.

२६ मार्च

सुरुवात कलिंगडाने, कारण त्यात सगळ्यात जास्त पाणी, जवळजवळ ९२ टक्के. कलिंगड जमलं तर बाकीची फळं सोपी.

निवडताना जमिनीला टेकलेल्या बाजूचा डाग बघितला. तो पांढरट असेल तर फळ लवकर तोडलेलं, गडद पिवळा असेल तर वेलीवर पिकलेलं. आणि आकाराच्या मानाने जड हवं. कापण्याआधी साल ब्रशने घासून वाहत्या पाण्याखाली धुतली आणि पुसून घेतली. साल आपण खात नाही म्हणून धुवायचं टाळतो, पण सुरी आधी सालीतून जाते आणि मग गरात. सालीवरचे जंतू तिच्याबरोबर आत जातात, आणि गोठवल्याने ते मरत नाहीत, फक्त थांबतात.

अर्ध्या गराच्या दोन-दोन सेंटिमीटरच्या फोडी करून ट्रेवर एकमेकींना न चिकटतील अशा पसरल्या. उरलेल्या अर्ध्याचा रस काढून, गाळून बर्फाच्या साच्यात ओतला. दोन्ही रात्रभर फ्रीजरमध्ये. फोडी कडक झाल्या की पिशवीत भरायच्या. आधीच पिशवीत भरल्या तर सकाळी एक दगड हातात येतो.

रसाचा ब्रिक्स ९.

२७ मार्च

साच्यातला एक खडा काढून खिडकीत धरला. कडेला बोटाच्या नखाएवढी पट्टी जवळपास रंगहीन, पारदर्शक, आणि आत सरकत जावं तसा लाल गडद होत गेलेला. मधोमध बुडबुड्यांची पांढुरकी रेघ, आणि तिच्याभोवती सगळ्यात दाट लाल. सुरीने दोन भाग केले. कडेचा तुकडा जिभेवर ठेवला तर जवळजवळ नुसतं पाणी. मधला भाग पाकासारखा गोड.

असं होतं कारण बर्फाचा स्फटिक बांधला जाताना त्यात पाण्याचे रेणूच बसतात. साखर, आम्ल, रंग बाहेर ढकलले जातात. साचा कडेकडून गार होतो, त्यामुळे सगळं मध्याकडे रेटलं जातं.

मग उलट बाजूने पाहिलं. चार खडे गाळणीत ठेवून खाली वाटी ठेवली आणि वितळू दिले. सुरुवातीला जमलेल्या थेंबांचा ब्रिक्स २० च्या वर, आणि अगदी शेवटी उरलेल्या बर्फाचं पाणी चवीला कोरं. गोठवलेल्या रसाची कांडी चोखली की आधी गोडी निघून जाते आणि हातात फिका बर्फ राहतो, तो यामुळेच. रस घट्ट करण्याची एक पद्धतसुद्धा यावरच चालते: अर्धवट गोठवायचा आणि बर्फ वेगळा काढायचा. उष्णता लागत नाही, म्हणून वास टिकतो.

प्रकल्पासाठी यातून एकच गोष्ट घ्यायची. रस निवांत, न हलवता गोठवला की पाणी आणि फळ वेगळे होतात. त्यांना वेगळं होऊ द्यायचं नसेल तर एकतर फोडी गोठवायच्या, म्हणजे गराच्या पेशींमध्ये रस अडकून राहतो, नाहीतर गोठताना सतत ढवळायचं.

३१ मार्च

आज गोठलेल्या फोडी आणि गार रस यांचं प्रमाण ठरवलं. फोडी उणे १८ च्या, रस ५ अंशांचा.

३०० ग्रॅम फोडींना १२० ग्रॅम रस: चमच्याने खायचा प्रकार झाला, नळीतून वर येत नाही. ३०० ला ३००: पातळ, दाणे तरंगतात आणि पटकन विरतात. ३०० ला २०० हे बरोबर. पेला तिरका केला की सावकाश सरकतं, नळीतून येतं, आणि थर्मामीटर उणे २ च्या आसपास दाखवतो. तीनास दोन. हे प्रमाण आता पाया धरायचं.

पोत छान, पण चव पडली. हाच रस ५ अंशांना पुरेसा गोड होता. थंडीत जिभेला गोडी कमी कळते, याचं कारणही सापडलेलं आहे: चवीच्या पेशींत टीआरपीएम५ नावाची एक वाट असते, गोडाचा संदेश तिच्यातून जातो, आणि ती उबेला जास्त उघडते, गारव्याला मंदावते. २००५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. म्हणजे मिश्रण गोठवण्याआधी चाखाल तेव्हा ते किंचित जास्त गोड वाटलंच पाहिजे. तेव्हा बरोबर वाटलं तर पेल्यात फिकं पडणार.

कलिंगड ९ वरून १३ ब्रिक्सवर न्यायला एक किलो रसाला साधारण ४५ ग्रॅम साखर लागते. कोरडी साखर गार रसात नीट विरघळत नाही, दाताखाली येते. म्हणून साखर आणि पाणी समान वजनाने घेऊन नुसतं विरघळेपर्यंत गरम केलेला पाक बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवला. उकळून तारेपर्यंत न्यायचं नाही. पाकात निम्मं पाणी असतं आणि ते रस थोडा पातळही करतं, म्हणून पाक वजनाने दुपटीहून किंचित जास्त घ्यायचा.

४ एप्रिल

साखर फक्त गोडीसाठी घालतात असं मला वाटू नये म्हणून हे लिहून ठेवते. गोठलेल्या पेयात साखर पोताची मालकीण आहे.

पाण्यात काहीही विरघळलं की त्याचा गोठणबिंदू खाली जातो. किती खाली, हे विरघळलेल्या कणांच्या संख्येवर ठरतं, ते कण कशाचे यावर नाही. फ्रान्स्वा राउल्त यांनी १८८०च्या दशकात हे मांडलं. एक किलो पाण्यात एक मोल कण असतील तर १.८६ अंश (मोल म्हणजे कण मोजायचं ठरावीक माप, डझनासारखं). आता ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, म्हणजे फळांतल्या साखरा, यांचा रेणू वजनाने १८०, आणि डब्यातल्या साखरेचा ३४२. म्हणजे तेवढ्याच वजनाच्या फळांच्या साखरेत रेणू जवळजवळ दुप्पट, आणि म्हणून गोठणबिंदूही तेवढाच जास्त खाली.

कागदावर हिशेब केला. १२ टक्के साखरेचा एक किलो रस उणे २ अंशांवर धरला. साखर सगळी ग्लुकोज-फ्रुक्टोज असेल तर साधारण पाव किलो बर्फ होतो. सगळी डब्यातली साखर असेल तर अर्ध्या किलोच्या वर. हिशेब ढोबळ आहे, पण फरक एवढा मोठा आहे की चमच्याला कळतो. मधात बहुतेक ग्लुकोज-फ्रुक्टोजच असतात, म्हणून निम्मी साखर काढून त्याजागी मध घातला की तेच पेय मऊ राहतं. आज दोन्ही शेजारी शेजारी करून पाहिलं. मधाचं खरंच सैल, आणि दाणे बारीक. कलिंगडाच्या नाजूक वासावर मात्र मधाचा वास स्वार होतो, तिथे नको. अननसाला चालेल.

८ एप्रिल

द्राक्षे. ब्रिक्स १८, आणि साखर जवळपास सगळी ग्लुकोज-फ्रुक्टोज. त्यामुळे फ्रीजरमधून काढलेलं द्राक्ष सरळ दातांनी तुटतं. पाक अजिबात नको, उलट लिंबू हवं. बिनबियांची काळी द्राक्षे ३०० ग्रॅम गोठवून, २०० ग्रॅम गार पाणी आणि लिंबाचा रस १५ ग्रॅम. पाणी चालतं, कारण फळातच साखर भरपूर आहे. रंग सुरेख येतो, सालीतून.

लहान मुलांना गोठलेलं अख्खं द्राक्ष हातात द्यायचं नाही, घशात अडकतं. उभं चिरूनच.

१२ एप्रिल

अननस आणि दूध. याला एक अख्खी दुपार दिली, आणि ती सत्कारणी लागली.

ताज्या अननसात ब्रोमेलेन असतं. ते प्रथिनं तोडतं, आणि दुधातल्या प्रथिनांचे जे तुकडे पडतात त्यातले काही कडू असतात. गोठवल्याने ब्रोमेलेन संपत नाही, फक्त मंदावतं. ते उष्णतेनेच निष्प्रभ होतं. पपईत पपेन आणि किवीत ॲक्टिनिडिन, त्यांचंही तसंच.

तीन पेले केले. पहिल्यात कच्चा गोठलेला अननस आणि गार दूध. दुसऱ्यात फोडी आधी झाकण ठेवून उकळी फुटेपर्यंत शिजवून, गार करून, गोठवून मग दूध. तिसऱ्यात कच्चा अननस आणि नारळाचं दूध. केल्या केल्या तिन्ही चांगले. पहिला तर सगळ्यात छान, कारण कच्च्या अननसाचा धारदार वास शिजवल्यावर राहत नाही. अर्ध्या तासाने पुन्हा चाखले. पहिला स्पष्ट कडू, जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळणारा, आणि कडेला फुटलेला. दुसरा होता तसाच. तिसराही तसाच, कारण नारळाच्या दुधात स्निग्धांश भरपूर आणि प्रथिनं थोडी.

घरात मत विभागलं. आईला दुसरा आवडला. ती म्हणाली, "शिजवलेल्याला मुरंब्याचा वास येतो, मला हाच बरा." मला तिसरा. पाहुण्यांसाठी तिसराच ठेवते. पेला हातात घेऊन गप्पा मारत बसणारी माणसं असतात, अर्धा तास सहज जातो.

३०० ग्रॅम गोठलेला अननस, १५० ग्रॅम नारळाचं दूध, ५० ग्रॅम गार पाणी, मध २० ग्रॅम, चिमूटभर मीठ. चिमूट म्हणजे खारट लागता कामा नये इतकी. मीठ कडवटपणा दाबतं आणि गोडी वर काढतं.

१६ एप्रिल

संत्र्याचा रस सकाळी काढला तेव्हा गोड होता, संध्याकाळी कडू. फळ बिनबियांचं, नेव्हल जातीचं होतं. या जातीत तर हे हमखास. फळात एक बेचव पदार्थ असतो, रस काढताना तो आम्लात मिसळतो आणि तासाभरात हळूहळू लिमोनिनमध्ये बदलू लागतो. लिमोनिन अगदी कणभर असलं तरी कडू लागतं. गरम केलं तर हे आणखी लवकर होतं.

म्हणून संत्र्याचा रस काढून साठवायचा नाही. पेय करायच्या वेळी रस काढायचा, आणि गोठलेला भाग दुसऱ्या फळाचा घ्यायचा. संत्रं आणि गोठलेलं पिकं केळं ही जोडी जमते. केळ्यात पाणी कमी, सुमारे ७५ टक्के, आणि गर चिकट, त्यामुळे खडे मोठे होत नाहीत आणि दूध नसूनही साईसारखा पोत येतो. केळी सालीवर ठिपके पडेपर्यंत पिकू द्यायची, सोलून, चकत्या करून, लिंबाचा रस लावून गोठवायची. रस न लावता गोठवलेल्या चकत्या तपकिरी पडतात.

२१ एप्रिल

मिक्सरवर लक्ष दिलं. पात्याजवळ काय चाललंय ते झाकणाच्या भोकातून, टॉर्च धरून पाहिलं.

आधी कडक फोडी आणि वरून रस असं भरलं तर पातं खालच्या फोडी क्षणात उडवतं आणि स्वतःभोवती पोकळी करून घेतं. वरच्या फोडी एकमेकींना धरून कमानीसारख्या अडकून राहतात. मोटार सुसाट, आवाज चढतो, आणि काहीच वाटलं जात नाही. आधी रस, मग पाक-लिंबू, त्यावर फोडी असं भरलं तर पात्याला पहिल्या क्षणापासून धरायला द्रव मिळतो, मध्ये भोवरा तयार होतो आणि फोडी एकेक करून त्यात ओढल्या जातात. हा भोवरा दिसला की काम झालं. तो मिटला तर थांबवायचं, लाकडी उलथन्याने कडा खाली ढकलायच्या, पुन्हा सुरू.

सलग चालवायचं नाही. दोन-तीन सेकंदांचे झटके, सुरुवातीला पाच-सहा, मग एकदाच वीस सेकंद. पातं घासून जी उष्णता निर्माण करतं ती आपण कष्टाने साठवलेला बर्फ खाते. दोन मिनिटं चालवलेल्या पेल्याचं तापमान शून्याच्या वर गेलेलं मोजलं. चव तीच, पण दाणे गायब.

फोडी फ्रीजरमधून काढून पाचेक मिनिटं ठेवल्या तर पात्याला सोपं जातं. त्याहून जास्त नको.

२५ एप्रिल

मार्चमधल्या कलिंगडाच्या फोडी पिशवीतून काढल्या. वर पांढरा भुगा, आणि फोडी आक्रसलेल्या. पेय केलं तर खडबडीत. फ्रीजर दर वेळी उघडताना आणि आपोआप बर्फ झाडताना थोडा तापतो, पुन्हा गार होतो. तापताना लहान स्फटिक आधी विरतात, गार होताना ते पाणी मोठ्या स्फटिकांवर जाऊन बसतं. असं होत होत मोठे आणखी मोठे होतात. शिवाय पिशवीत हवा असेल तर फोडीतलं पाणी उडून आतल्या कडेला हिम म्हणून बसतं.

उपाय: पातळ, सपाट पिशव्या, हवा दाबून काढलेली, फ्रीजरच्या तळाशी मागे, दारात कधीच नाही. वर फळ, वजन, ब्रिक्स, तारीख. आणि कलिंगड तीन आठवड्यांत संपवायचं. आंबा, अननस जास्त टिकतात, त्यांच्यात गर जास्त.

झटपट गोठणंही महत्त्वाचं. लवकर गोठलं की स्फटिक बारीक राहतात आणि पेशी कमी फाटतात. १९२०च्या दशकात क्लॅरेन्स बर्ड्‌सआय यांनी गोठवलेल्या अन्नाचा धंदा उभा केला तो याच गोष्टीवर. आपल्याला एवढंच जमतं: ट्रे आधीच फ्रीजरमध्ये गार करून ठेवायचा, फोडी फ्रिजमधून थेट त्यावर, आणि एका वेळी थोड्याच.

३० एप्रिल

फ्रीजर भरला. स्ट्रॉबेरीचा शेवटचा बहर आला आहे, जागा नाही. मग मीठ-बर्फ.

बादलीत फोडलेला बर्फ तीन भाग, जाडं मीठ एक भाग, वजनाने, थराथराने. मधोमध स्टीलचा डबा, त्यात स्ट्रॉबेरीचा गाळलेला रस १३ ब्रिक्सवर आणलेला. मिठामुळे बर्फ शून्याखालीही वितळत राहतो, आणि वितळताना लागणारी उष्णता डब्यातून ओढतो. या मिश्रणाची मर्यादा उणे २१ अंश. माझ्या बादलीत उणे १६ दिसलं. डबा हाताने डावी-उजवीकडे फिरवत राहायचा आणि मिनिटा-मिनिटाला आतली कड उलथन्याने खरवडायची, कारण रस आधी कडेलाच धरतो. पंधरा-वीस मिनिटांत डब्यात लालभडक, बारीक दाण्यांचं पेय. मिक्सरच्या कुठल्याही पेल्यापेक्षा दाणा बारीक आणि चव भरलेली. सतत हलत असल्यामुळे २७ मार्चला दिसलेली फारकत इथे होतच नाही.

डब्याचं झाकण घट्ट हवं, मिठाचं पाणी आत गेलं की सगळं वाया. आणि त्या पाण्यात हात घालून बसायचं नाही, कातडी भाजल्यासारखी होते.

पेल्यात पाण्याचा बर्फ नाही हा नियम मोडलेला नाही. बर्फ बाहेर आहे.

४ मे

आंबा. गर १७ ब्रिक्स. पिकलेल्या आंब्यात डब्यातल्या साखरेच्याच जातीची साखर जास्त असते, त्यामुळे हिशेबाने तो कडक गोठायला हवा. गोठतोही. पण गरातलं पेक्टिन (फळाला दाटपणा देणारा पदार्थ) आणि तंतू पाणी धरून ठेवतात, म्हणून वाटल्यावर खडे हाताला लागत नाहीत. धागे असतील तर गर आधी गाळून मग साच्यात गोठवायचा. फोडी नकोत, कारण धागे पात्याला गुंडाळतात.

३०० ग्रॅम गोठलेला गर, २०० ग्रॅम गार पाणी, लिंबाचा रस २० ग्रॅम, मीठ. साखर शून्य. लिंबाशिवाय केलेला पेला बेचव नव्हता, पण तिसऱ्या घोटाला कंटाळा आला. आंबटाने आंबा जागा होतो.

याचा आणखी एक उपयोग सापडला. कलिंगडाच्या पेल्यात काही मिनिटांत तळाशी पाणी आणि वर लाल फेस असे थर पडतात. तीन भाग कलिंगडाला एक भाग आंबा घातला तर थर पडायला खूप वेळ लागतो. रंग जरा नारिंगी होतो. मला चालतो, धाकटीला नाही. तिला लालच हवं.

९ मे

लिंबाची साल. पिवळा भाग पातळ सोलून साखरेत चुरडला आणि दोन तास झाकून ठेवला. साखर सालीतलं तेल ओढून ओली झाली. हीच साखर पाकात. लिंबाचा वास गारव्यात मरतो, रस वाढवला तर आंबट होतं पण वास येत नाही. सालीच्या तेलाने येतो. सालीखालचा पांढरा भाग मात्र घ्यायचा नाही.

१३ मे

मिक्सर नको असलेल्यांसाठी काट्याची पद्धत. पसरट डब्यात दोन सेंटिमीटर उंचीपर्यंत १४ ब्रिक्सचा रस, फ्रीजरमध्ये. पाऊण तासाने कडा धरल्या की काट्याने खरवडून मध्ये ढकलायच्या, मग दर अर्ध्या तासाने पुन्हा, एकूण तीनएक तास. सुटा, भुरभुरीत चुरा होतो. पेल्यात भरून वरून तोच गार रस ओतायचा. मोठ्या संख्येला हे सगळ्यात सोयीचं, कारण आदल्या दिवशी करून ठेवता येतं आणि ऐनवेळी फक्त एकदा खरवडायचं.

काचेची भरलेली बाटली फ्रीजरमध्ये कोणी ठेवू नये, म्हणून दारावर चिठ्ठी लावली. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. बुडबुड्यांच्या पेयाची बाटली तर मुळीच नको.

१८ मे

रंगीत तालीम, आठ माणसांची. पेल्यांचा हिशेब आज लागला. २५० ग्रॅम वजनाचा रिकामा काचेचा पेला ३० अंशांवर असेल तर तो एकटाच १७-१८ ग्रॅम बर्फ वितळवतो. पेले तासभर फ्रिजमध्ये ठेवले तर हे वाचतं. बारीक नळी तुंबते, रुंद हवी. आणि सगळ्यांचं एकदम करायचं नाही, चार-चार पेले करत जायचं.

कापलेलं फळ बाहेर दोन तासांवर राहू द्यायचं नाही. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासभरच. वितळून गेलेलं मिश्रण पुन्हा गोठवायचं नाही, तेव्हाच पिऊन टाकायचं.

२४ मे

झालं. सकाळी लिंबाच्या सालीचा पाक, कलिंगड आणि स्ट्रॉबेरीचा खरवडलेला चुरा तयार. पाहुणे आल्यावर आंबा आणि अननस मिक्सरमधून, चार-चार पेले. द्राक्षाचं पेय शेवटी, जेवणानंतर.

कशाची मागणी जास्त होती ते नोंदवते. मोठ्यांत अननस-नारळ, मुलांत कलिंगड. दुसऱ्यांदा मागितला गेला तो मुख्यतः आंबा. संत्रं-केळं ठीक, पण उन्हातून आलेल्याला ते जड वाटतं, जेवणाच्या जागी बरं. काकू मीठ घातलेलं ओळखू शकल्या नाहीत, म्हणजे चिमूट बरोबर पडली. "याच्यात बर्फ कुठाय?" असं काकांनी विचारलं, त्यांना पिशवीतली आंब्याच्या गोठलेल्या गराची वडी दाखवली.

पुढच्या फळांसाठी एवढं वहीत राहू दे: गोठलेलं तीन भाग, गार द्रव दोन भाग, एकूण १३ ते १४ ब्रिक्स, आंबट जिभेला टोचेल त्याच्या किंचित अलीकडे, आणि आधी द्रव मग फोडी. पीच आणि चेरी यायच्या आहेत. चेरीच्या बिया काढायचं साधन शोधायचं आहे. फ्रीजरच्या तळाशी अननसाच्या दोन पिशव्या उरल्या, त्यांच्यावर आजची तारीख घातली.